तिथली चटणी

दादर-माटुंग्याकडच्या कुठल्याही जुन्या इमारतीत गच्चीवर गळकी टाकी असते, जिन्याखाली कुणाचीतरी न हलणारी सायकल असते आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर एक तुलनाकार असतो. टाकी आणि सायकल यांवर सोसायटीच्या सभेत दरवर्षी भांडण होतं. तुलनाकाराबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण सभेला वडे कुठून मागवायचे हे त्यालाच विचारावं लागतं. तो ओळखायला अगदी सोपा. आपण सहज म्हणावं, "काल अमक्याकडे डोसा खाल्ला, बरा होता." उत्तर लगेच येत नाही. एक्स-रे उजेडाकडे धरून पाहणाऱ्या डॉक्टरासारखा तो जरा वेळ गप्प राहतो. मग म्हणतो, "ठीक असतो त्याचा. पण तुम्ही तिथला खाल्लेला दिसत नाही." 'तिथला' म्हणजे कुठला, असं विचारलंत की संध्याकाळ संपली.

आमच्या इमारतीतल्या अशा गृहस्थांना सगळे तराजूकाका म्हणतात. नावावरून कुणाला वाटेल, वजनमापे खात्यातून निवृत्त झाले असतील. होते विमा कंपनीत, दावे तपासायच्या टेबलावर. आलेला दावा पूर्ण मंजूर करायचा नाही, पूर्ण फेटाळायचाही नाही, एक शेरा मारून परत पाठवायचा, हे काम त्यांनी नोकरीभर निष्ठेनं केलं. निवृत्तीनंतर दावे यायचे थांबले, तेव्हा त्यांनी समोर येईल ती बशी तपासायला घेतली. शेरा मारायची सवय तीच राहिली. "चव आहे, पण..." या तीन शब्दांपलीकडे काकांनी कुठल्या हॉटेलाचं कौतुक केल्याचं कुणी ऐकलेलं नाही. म्हणजे ते हॉटेल समोर असताना.

कारण काकांच्या तुलनेला एक नियम आहे. त्यांनी तो कधी बोलून दाखवलेला नाही, पण त्यांच्याबरोबर हिंडून हिंडून मला पाठ झालाय. काका ज्या हॉटेलात बसलेले असतात ते दुसऱ्या क्रमांकाचं असतं. पहिल्या क्रमांकाचं हॉटेल नेहमी दुसरीकडे असतं. गोखले रोडवर प्रकाशमध्ये जागा मिळालेली असते, साबुदाणा वडा नुकता कढईतून निघालेला असतो, पीयूषचा पेला थंडगार असतो, आणि काका वड्याचा पहिला तुकडा मोडून म्हणतात, "मिसळ मात्र आस्वादची." मिसळ आपण मागवलेलीच नसते. पुढच्या खेपेला सेनाभवनासमोर आस्वादमध्ये मिसळ येते. काका रश्शात पाव बुडवतात, शेव जराशी बाजूला करतात आणि खिडकीबाहेर पाहत म्हणतात, "साबुदाणा वडा खावा प्रकाशमध्ये." दोन्ही मतं खरी धरली तर काका दोन्ही खेपेला चुकीच्या दुकानात चुकीचा पदार्थ खात होते. हे मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. "अहो, दोन्ही बाजू तपासल्याशिवाय निकाल कसा देणार?" असं म्हणून त्यांनी माझ्या बशीतला वडा तपासायला घेतला.

आस्वाद निघालं १९८६ साली. २०१५ मध्ये तिथल्या मिसळीला लंडनमध्ये जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालं, तेव्हा ज्यांनी ती मिसळ कधी खाल्ली नव्हती अशा दादरकरांचीही छाती फुगली. काकांची फुगली नाही. "जगातली म्हणजे? त्या लोकांनी गिरगावातली खाल्ली होती का?" एवढंच ते म्हणाले. खरं दुःख निराळं होतं. इतकी वर्षं आस्वादची मिसळ हे त्यांचं मत होतं. आता ते लंडनचं झालं. ज्या मताला विरोधच उरला नाही ते काकांच्या लेखी मत नव्हे. लगेच त्यांनी मिसळीचा पहिला क्रमांक ठाकुरद्वारच्या विनय हेल्थ होमला देऊन टाकला. विनयची मिसळ चांगलीच असते, त्यात वाद नाही. पण दादरहून ठाकुरद्वारला जाऊन खातरजमा करायला इमारतीतलं कुणी तयार नव्हतं, ही मोठी सोय होती.

हॉटेलात काका पदार्थाला आधी हात लावत नाहीत. आधी चटणी. "इडली काय, साच्यातून निघते. मालकाची नियत चटणीत कळते." मग बोटाच्या टोकावर एवढीशी चटणी घेऊन ते सांगतात, ओलं खोबरं किती, डाळं किती आणि पाणी केव्हा पडलं: सकाळी वाटतानाच, की आत्ता दाराशी गर्दी दिसल्यावर. हे शेवटचं ते कसं ओळखतात मला माहीत नाही, पण गल्ल्यावरचा शेट्टी त्या वेळी दुसरीकडे बघत असतो. चटणीनंतर सांबार. चमच्यानं तळ ढवळून शेवग्याची शेंग शोधायची. एक सापडली तर हॉटेल चांगलं. दोन सापडल्या तर आचारी नवा आहे आणि मालक गावाला गेलाय. मग कॉफी. पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून फेस खाली बसेपर्यंत काका थांबतात. "फेसाचे पैसे देतोय का आपण?" फेस बसतो तोवर कॉफीही निवते, आणि निवलेल्या कॉफीचा एक गुण कापला जातो.

डोशाचंही तेच. चटणी, सांबार आणि आजूबाजूच्या टेबलांवरचे डोसे यांची पाहणी होईपर्यंत काकांचा स्वतःचा डोसा वातड होतो. "कुरकुरीतपणा कमी," असा शेरा बसतो. काकू त्यांच्याच समोर बसलेल्या असतात. त्यांनी तोवर आपला डोसा संपवून हात धुतलेले असतात. काकूंना सगळ्या हॉटेलांतलं आवडतं, कारण त्या गरम असताना खातात.

माटुंग्याला गेलं की काकांच्या अंगात इतिहास शिरतो. नातवंडांचे वाढदिवस त्यांना काकू आठवण करून देतात, पण हॉटेलांची जन्मसालं तोंडपाठ. रामाश्रय १९३९, किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४०, स्टेशनजवळचं रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२. दक्षिणेतून नोकरीसाठी आलेली कारकून मंडळी माटुंग्यात खोल्या घेऊन राहायची, त्यातली कितीतरी एकटी. त्यांना घरच्यासारखा भात आणि सार हवा होता, आणि तो करणारी माणसं उडुपीकडून येतच होती. कृष्णमठाच्या स्वयंपाकाची शिस्त घेऊन आलेली, कांदा-लसूण न घालता चव आणणारी. हे सगळं काका फार सुरेख सांगतात, आणि ते ऐकायला मी त्यांच्याबरोबर पुन्हा जाईन. अडचण इतकीच की श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीचं पान समोर पडतं, वाढपी भाताचा डोंगर करून पुढे सरकतो, आणि काका मात्र अजून १९४२ मध्येच असतात. इतिहास संपवून ते पानाकडे वळले की म्हणतात, "भात जरा निवला."

किमतीच्या बाबतीत काकांवर कंजूषपणाचा आरोप होतो तो मला मान्य नाही. दर वाढला म्हणून ते कधी चिडत नाहीत. "गॅस वाढला, भाडं वाढलं, पोरांचे पगार वाढले, तो तरी काय करील?" असं ते मालकाच्या वतीनं भांडतात. त्यांचा राग आहे तो गुपचूप कमी केलेल्या पुरीवर. पुरीभाजीचा दर तोच, पण पुऱ्या पाचाच्या चार, हे त्यांना खपत नाही. या बाबतीत मी पूर्णपणे काकांच्या बाजूनं आहे. दर वाढवणारा मालक आपल्या तोंडावर वाढवतो. पुरी काढून घेणारा आपल्याला मोजता येत नाही असं गृहीत धरतो.

वाटी हा त्यांचा खास विषय. भरलेली वाटी उलटी करता येत नाही म्हणून ते जेवण संपायची वाट पाहतात. मग ती पालथी करून टेबलावर ठेवतात आणि आपल्याला बोलावून दाखवतात: बाहेरून नेहमीएवढी, आत तळ चांगला बोटभर वर उचललेला. "ही वाटी नव्हे. ही वाटीची जाहिरात." थाळीत अशा चार वाट्या असल्या तर चार बोटं आमटी-भाजी मालकाकडेच राहिली, असा हिशेब. अनलिमिटेड थाळीकडे तर ते फिरकतच नाहीत. "त्यांची थाळी अनलिमिटेड, आपलं पोट लिमिटेड. यात कोण जिंकणार?"

तराजू हे नाव त्यांना २०२० मध्ये चिकटलं. त्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनाला राज्य सरकारची शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांत. १९९५ मध्ये युतीच्या सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली होती, तेव्हा भाकरी किती मोठी यावर काकांनी बऱ्याच रांगांत उभ्या उभ्या चर्चा केली होती, पण हाती काही लागलं नव्हतं. शिवभोजनाचं तसं नव्हतं. त्यात सगळं ग्रॅममध्ये लिहिलेलं होतं: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. काकांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या विचारांचं सरकार भेटलं. वर्तमानपत्रातलं ते कात्रण त्यांनी पाकिटात घातलं, आणि पुढच्या रविवारी एका चांगल्या, गणवेशवाल्या वेटरांच्या हॉटेलात राइस प्लेट येताच विचारलं, "भात किती ग्रॅम?" वेटरनं कॅप्टनला बोलावलं, कॅप्टननं मॅनेजरला. मॅनेजर म्हणाला, "सर, पोटभर असतो." काकांनी पाकिटातून कात्रण काढलं. काकूंनी तोवर भात कालवला होता.

जीएसटीच्या प्रकरणात मात्र काकांनी शासनालाही सोडलं नाही. २०१७ च्या जुलैत कर आला तेव्हा साध्या हॉटेलाला १२ टक्के आणि वातानुकूलित हॉटेलाला १८ टक्के असा भेद होता; शिवाय हॉटेलाच्या एका भागात जरी एसी असला तरी सगळ्या हॉटेलाला १८. म्हणजे माळ्यावरच्या फॅमिली रूममध्ये कुणीतरी गारठत बसणार आणि खाली पंख्याखाली घाम पुसत इडली खाणारे काका त्याच्या गारव्याचा कर भरणार. काकांनी दिल्लीला पत्र लिहिलं. नोव्हेंबरात सरसकट ५ टक्के झाला. देशभरातून त्या वेळी ओरड चालली होती हे खरं, पण आमच्या इमारतीत तो बदल काकांच्या पत्रामुळेच झाला असं मानतात, निदान काका जिन्यात असताना.

वातावरण म्हणजे काय, याबद्दल काकांच्या कल्पना तरुण मंडळींना पटत नाहीत. मंद दिवे म्हणजे बशीत काय आहे ते दिसू नये. मंद संगीत म्हणजे स्वयंपाकघरातली भांडणं ऐकू येऊ नयेत. आणि भांडणं ऐकू आल्याशिवाय आचारी टिकणार की जाणार हे कसं कळायचं? मेनूकार्डावर पदार्थाच्या नावाखाली त्याचं वर्णन छापलेलं असलं तर काका ते कार्ड मिटून ठेवतात. काकांचं आदर्श हॉटेल म्हणजे ज्यात गल्ल्यावर मालक स्वतः बसतो, भट्टी जागेवरून दिसते आणि टेबलावर अनोळखी माणूस आणून बसवतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कारण अनोळखी माणसाच्या ताटात काय आलं, किती आलं आणि त्यानं काय टाकलं हे न विचारता पाहता येतं. समोरचा बिचारा संकोचून जेवतो. काका त्याला धीर देतात. "सावकाश होऊ द्या. भाजी उरवताय? बरोबर आहे तुमचं."

चार पेल्यांत चार बोटं बुडवून पाणी आणणारा पोऱ्या त्यांना चालतो का? चालतो. "पाण्याचे पैसे लावत नाही ना," म्हणतात. सीलबंद बाटली न विचारता टेबलावर आणून ठेवणारा वेटर मात्र त्यांच्या दृष्टीनं गुन्हेगार.

इराण्याचा विषय निघाला की काका हळवे होतात. गोल संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीभर आरसे, रस्त्याच्या कोपऱ्यावर दोन्हीकडून उघडं दार. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार घेत नसत आणि इराण्यानं ती आनंदानं घेतली, ही गोष्ट ते दर वेळी नव्यानं सांगतात. हिंदू कॉलनीत कॅफे कॉलनी आहे, चालू आहे, चालत जाता येतं. काका तिथे क्वचितच जातात. चालू असलेल्या इराण्यात त्यांना रस वाटत नाही. बंद झालेल्याबद्दल ते तासभर बोलू शकतात. धोबीतलावच्या बस्तानीची बिस्किटं त्यांच्या तोंडून ऐकावीत. बंद पडलेलं हॉटेल ही त्यांच्या नियमाची शेवटची पायरी. ते कायमचं 'तिथलं' झालेलं असतं. त्याचा चहा आता कधी पातळ होणार नाही आणि मस्क्याच्या जागी कुणी मार्गारीन लावणार नाही.

त्यामुळे २०१४ साल त्यांना फार जड गेलं. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान, १९१४ चं, शंभरी गाठून बंद होणार अशी बातमी आली. मावा केक सकाळी लवकर संपतो म्हणून काका पहाटे उठून गेले. तिथे अर्धी मुंबई शोक करायला जमली होती. काकांनी रांगेत उभं राहून केक मिळवला, तो खाताना डोळे पुसले, घरी आल्यावर आम्हा सगळ्यांना बोलावून त्या केकबद्दल सांगितलं. "असा केक आता होणे नाही." पुढे कळलं की डागडुजी होऊन दुकान पुन्हा उघडलंय. सगळ्यांना आनंद झाला. काका मात्र आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. एवढं मनापासून केलेलं दुःख असं वाया जाणं कुणालाही लागेलच.

एकाच ठिकाणाची तुलना मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. लग्नाआधी काका लालबागला एका चाळीत, गावाकडच्या चौघांबरोबर खोली करून राहायचे आणि शेजारच्या चाळीत एका बाईंच्या खाणावळीत जेवायचे. गिरणगावात अशा खाणावळी घरोघर होत्या. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीप्रमाणे गिरणीकामगारांच्या पंगती उठायच्या. पैसे पगार झाल्यावर, तोवर बाईंनी किराणा उधारीवर आणायचा आणि उधारीवर सावकाराचं व्याज भरायचं. या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सरकारी बँकांतून त्यांना कर्जं मिळवून दिली, आणि कितीतरी जणी सावकाराच्या तावडीतून सुटल्या. मग १९८२ चा संप आला, गिरण्या थंडावल्या, पंगतीही विरळ झाल्या. काका तोवर दादरला राहायला आले होते.

त्या खाणावळीत जेवण कसं असायचं, असं मी विचारलं. मला वाटलं, आता आमटीची गुणपत्रिका निघणार. काका म्हणाले, "असायचं." म्हणजे? "अहो, रात्री नऊला भूक लागलेली असायची आणि ताट समोर यायचं. बुधवारी सुकट असायची." बरी असायची? "बुधवारी असायची," काका म्हणाले, जणू मी भलतंच विचारलं होतं. महिन्याचे पैसे ठरलेले, दुसरीकडे जायची सोय नव्हती आणि दुसरीकडचं ठाऊकही नव्हतं. मला तर वाटतं, काकांची सगळी तुलना ही तेव्हाची उधारी आहे, ती ते आता सव्याज वसूल करतायत. अर्थात हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी लगेच व्याजाचा दर विचारला असता.

घरी काका तुलना करतात का, असं लोक काकूंना विचारतात. लग्नानंतर सुरुवातीलाच त्यांनी एकदा आमटीची वाटी हातात घेऊन "गिरगावात एक..." एवढंच म्हटलं होतं. काकूंनी "हो का?" म्हणून दुसऱ्या दिवशी स्वयंपाकच केला नाही आणि काकांना गिरगावचं तिकीट काढायला सुट्टे पैसे दिले. तेव्हापासून घरची आमटी तुलनेपलीकडे गेली आहे. काका ती मुकाट्यानं, आणि गरम असतानाच, खातात.

एवढं ज्ञान असलेल्या माणसाचा शेजाऱ्यांना काय उपयोग, असा प्रश्न पडेल. फारसा नाही. तळमजल्यावर नवीन लग्न झालेलं एक जोडपं राहायला आलं. रविवारी दुपारी दोघं भुकेजून बाहेर निघाली आणि जिन्यात काका भेटले. "काका, इथे जवळ जेवायला चांगलं कुठे?" पोरगा सहज बोलून गेला. काकांनी पिशवी खाली ठेवली. मासे की शाकाहारी? मासे असतील तर मालवणी की गोव्याकडचे? सिंधुदुर्गमध्ये जायचं तर इतक्या उशिरा रांग असणार, चैतन्यमध्ये तर नाव लिहून उभं राहावं लागणार, आणि खरं म्हणजे बांद्र्याला हायवे गोमंतकात जायला हवं, पण आता निघून पोचेपर्यंत पंगत संपत आलेली असेल. शाकाहारी असेल तर उपवास आहे का? बसून जेवायचंय की नुसतं खायचंय? बायको तिखट खाते का? बायको त्या वेळी जिन्याच्या पायरीवर बसली होती. शेवटी दोघांनी कीर्ती कॉलेजजवळ जाऊन उभ्या उभ्या वडापाव खाल्ला. संध्याकाळी काकांनी त्यांना गाठलं. "चुरा घालून घेतला होता का?" नव्हता घेतला. "मग काय खाल्लंत?" आणि दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी पावात वडा कसा घातला, ही कथा त्यांना दारातच ऐकावी लागली. आता ती दोघं जेवायला जाताना लिफ्टनं उतरतात, तळमजल्यावर राहत असूनही. पहिल्या मजल्यावर चढतात आणि काका जिन्यात नाहीत ना हे बघून मग खाली येतात.

काकांना त्यांच्या तोडीचा माणूस आजवर एकदाच भेटला. त्यांची मुलगी नागपूरला दिली आहे. लग्नानंतर काही महिन्यांनी व्याही सपत्नीक मुंबई बघायला आले. लग्नात घाईगर्दीत बोलणं झालं नव्हतं. मुलीकडचे म्हणून काका जरा दबूनही होते. पाहुण्यांना माटुंग्याला नेऊ या, असं ठरलं आणि काकूंनी, का कोण जाणे, मलाही बरोबर घेतलं. किंग्ज सर्कलला नावाजलेल्या ठिकाणी रांग फुटपाथवर आली होती. दोन्ही विहिणींच्या पायांत त्राण नव्हतं, म्हणून आम्ही पलीकडच्या एका साध्या उडिप्याकडे शिरलो. काकांचा चेहरा पडला. व्याह्यांना पहिल्याच भेटीत दुसऱ्या क्रमांकाच्या हॉटेलात आणलं!

इडली-वडा आला. आणि व्याह्यांनी इडलीला हात न लावता बोटाच्या टोकावर चटणी घेतली.

काका बघतच राहिले. व्याह्यांनी चटणी जिभेवर ठेवली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण चव म्हणाल ना भाऊसाहेब, तर आमच्याकडं सकाळचे तर्री-पोहे. नाकातून पाणी आलं पाहिजे. इथं तुम्ही लोक सगळं गोड करून राहिले."

एरवी कुणी मुंबईला नावं ठेवली तर काका ऐकून घेत नाहीत. पण नावं ठेवली होती ती समोरच्या बशीला, आणि समोरच्या बशीची बाजू काकांनी जन्मात घेतली नव्हती. "इथलं तुम्ही धरूच नका," ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "चटणी खावी ती..."

पुढच्या अर्ध्या तासासारखं संभाषण मी कधी ऐकलेलं नाही. एकानं सावजी रश्शाचं नाव काढावं, दुसऱ्यानं सोलकढीचं. एकानं पाटोडी-रस्सा सांगावा, दुसऱ्यानं खाणावळीतली बुधवारची सुकट. ती चांगली असायची, हे मला त्या दिवशी कळलं. दोघांची पहिल्या क्रमांकाची हॉटेलं एकमेकांपासून आठशे किलोमीटरवर होती, तपासायला कुणी जाणार नव्हतं, त्यामुळे वाद निघायला जागाच नव्हती. व्याह्यांनी चटणी संपल्यावर वाटी पालथी केली. काकांनी आपली वाटी शेजारी ठेवून तळ मोजून दाखवला. दोन्ही इडल्या दोघांच्याही बश्यांत निवत पडल्या होत्या. विहिणींनी आपापल्या संपवून एक रवा डोसा वाटून मागवला होता, तोही संपत आला होता.

तेवढ्यात वेटर आला आणि न विचारता दोघांच्या बश्यांत वाफाळतं सांबार ओतून गेला. शेंगाही होत्या, दोन-दोन. काकू म्हणाल्या, "बघा, किती चांगला माणूस."

व्याही सांबाराकडे बघत राहिले. मग काकांकडे वाकून हळूच म्हणाले, "न मागता वाढून राहिला. म्हणजे सकाळचं उरलं असेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, आणि पोरगी चांगल्या घरात पडली हो, असं लग्नानंतर पहिल्यांदाच बोलून दाखवलं.